जुनी विमानं, दबलेल्या सीटा आणि विमानाची निवृत्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत विमानांच्या हँगरला बावीस वर्षं काम केलं, त्यातली बहुतेक सिंगल आइल विमानांवर, म्हणजे मधे एकच वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा असलेली बोइंगची ७३७ आणि एअरबसची ए३२०. आता घरी असतो, तर नातेवाईक, सोसायटीतली मुलं, त्यांचे ऑफिसवाले, कोणी ना कोणी सीटवर बसल्या बसल्या फोटो पाठवतं आणि विचारतं, काका हे ठीक आहे ना. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे नंबर दिलाय.

१. काका, विमान जुनं झालं असं किती वर्षांनी म्हणायचं?

वर्षांनी म्हणायचंच नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. विमान किती वेळा उडलं आणि उतरलं ते मोजायचं, त्याला आमच्याकडे सायकल म्हणतात. वर गेलं की बाहेर हवा विरळ आणि आत मात्र माणसाला श्वास घेता यावा म्हणून दाब ठेवलेला, त्यामुळे विमानाचं सगळं नळकांडं आतून ताणलं जातं, खाली आलं की सैल पडतं. तार हातात धरून इकडून तिकडे वाकवत राहिलं की कधीतरी तुटते ना, पत्र्याचं तेच होतं, फक्त फार सावकाश.

हिशोब करून बघा. मुंबई-गोवा, मुंबई-नागपूर असल्या मार्गांवरचं विमान दिवसाला सहा फेऱ्या मारतं असं धरा, वर्षाचे ३५० दिवस, झाल्या २,१०० सायकल. लांब पल्ल्याचं मोठं विमान दिवसाला दोनच करतं, म्हणजे ७००. म्हणजे आपलं दहा वर्षांचं विमान त्या मोठ्या विमानाच्या तीस वर्षांइतकं ताणलं गेलेलं असतं. ए३२० मुळात ४८,००० सायकल किंवा ६०,००० तास डोळ्यासमोर ठेवून बनवलं होतं, नंतर चाचण्या झाल्या आणि ठरलेली जास्तीची कामं करून घेतली तर ६०,००० सायकल आणि १,२०,००० तासांपर्यंत जायला परवानगी मिळाली. वरच्या हिशोबाने ४८,००० गाठायला बावीस-तेवीस वर्षं लागतात. म्हणून लहान पल्ल्याच्या विमानाला कोणी वीस वर्षांचं म्हणालं की मी लगेच विचारतो, सायकल किती.

२. सीट फाटलेली, ट्रे लटकतोय, खिशाची जाळी सैल. असलं विमान उडवतातच कसं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. सीटचं वय आणि विमानाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका. सहा फेऱ्या म्हणजे दिवसाला सहा वेगळी माणसं त्या एका सीटवर बसतात, ट्रेवर कोपर टेकतात, पोरं पाय आपटतात, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या विमानातसुद्धा सीट दमलेली दिसते. नियमांतच अशी यादी असते की काय बिघडलं असताना किती दिवस उडता येईल, त्यात मोडका ट्रे किंवा मागे न जाणारी सीट बसते, सीट सरळ लॉक करायची, स्नॅग म्हणजे बिघाडाची नोंद लिहायची, रात्री पार्ट आला की बदलायचा. सीटबेल्ट खराब असेल तर मात्र त्या सीटवर कोणाला बसवत नाहीत.

मला काळजी वाटायची ती प्रवाशाला न दिसणाऱ्या जागांची. मोठ्या चेकला, म्हणजे विमान उघडून करायच्या मोठ्या तपासणीला, सीटा, कार्पेट, फ्लोअर पॅनल सगळं उचलायचो. गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, तिच्याखालचं पॅनल निघालं की पहिल्यांदा वास यायचा, वर्षानुवर्षं सांडलेला चहा, ज्यूस आणि बर्फाचं पाणी खाली झिरपून बीमवर चिकट तपकिरी थर झालेला असायचा, तो पुसला की खाली ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरलेली. ती भुकटी म्हणजे गंज. टॉयलेटखाली पण तसंच. ते खरडायचं, किती जाडी उरली ते मोजायचं, मर्यादेच्या खाली गेलं असेल तर तुकडा कापून नवा बसवायचा. त्या सेक्शनच्या वरच्या सीटा कधीकधी अगदी कोऱ्या कव्हरच्या असायच्या.

३. म्हणजे आतून चकाचक आहे म्हणून विमान नवीन असेलच असं नाही?

अजिबात नाही. एअर इंडियाने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या आधीपासूनच्या २७ ए३२०निओ (नव्या इंजिनांची ए३२०) विमानांचं आतलं सगळं बदलायचं काम हाती घेतलं, सीटा, कार्पेट, पडदे, टॉयलेट. प्रवाशासाठी छानच, पण नळकांडं तेच राहतं. सायकलचा आकडा सीट बदलल्याने मागे जात नाही.

४. माझ्या फ्लाइटच्या विमानाचं वय मला कसं कळेल?

शेपटीजवळ व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं लिहिलेली असतात, व्हीटी हे भारताचं चिन्ह. ती अक्षरं नेटवर टाकली की विमान कधी बनलं ते मिळतं. सायकल मात्र अशा मिळत नाहीत, त्या कंपनीच्या आणि मेंटेनन्सवाल्यांच्या रेकॉर्डला असतात.

५. जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानात सीट किती मऊ होती! खरंच होती की मला वाटतंय?

खरंच होती, पण अर्धी गोष्ट आहे. दोन मापं असतात. एक पिच, म्हणजे तुमच्या सीटवरच्या एका जागेपासून पुढच्या सीटवरच्या त्याच जागेपर्यंतचं अंतर. दुसरं रुंदी. पूर्वी इकॉनॉमीत ३२ इंचाच्या आसपास पिच सर्रास मिळायचा, आता स्वस्त तिकिटाच्या विमानात २८ ते ३०. तीस रांगांमधून दोन-दोन इंच काढले तर ६० इंच सुटतात, त्यात दोन रांगा म्हणजे बारा माणसं बसतात, आणि तुमचं तिकीट ज्या भावात मिळतं त्यात या बारा माणसांचा वाटा आहे हे पण मान्य करायला हवं.

मग सीटच पातळ केली. नवीन सीटची पाठ पातळ असते त्यामुळे पिच कमी होऊनही गुडघ्याला थोडी जागा राहते, पण खाली फोम कमी. जुनी सीट म्हणजे गादी, नवीन म्हणजे सतरंजी. तासाभराच्या प्रवासात फरक जाणवत नाही, दोन तास उलटले की माकडहाड बोलायला लागतं. मला विचाराल तर पातळ पाठीबद्दल माझी तक्रार नाही, बसायच्या बाजूचा फोम कापतात त्याबद्दल आहे.

रुंदी तर विमान कुठलं यावर ठरते. ए३२० चं नळकांडं ३.९५ मीटरचं, ७३७ चं ३.७६, आणि दोन्हीत सहाच सीटा, त्यामुळे एअरबसमधे प्रत्येक सीटला साधारण इंचभर जास्त मिळतो. खांदे रुंद असतील तर हा इंच फार मोठा आहे. एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानात दोन-दोनच सीटा, मधली सीटच नाही, मला स्वतःला छोट्या प्रवासाला ते आवडतं, पंख्यांचा आवाज सोडला तर.

६. आई बहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, कुठली सीट घेऊ?

वाटेकडची घ्या. उजवा गुडघा जास्त दुखत असेल तर सी, डावा असेल तर डी, म्हणजे दुखरा पाय अधूनमधून वाटेत लांब करता येईल (गाडा येताना तेवढा आत घ्यायचा). सीटच्या वाटेकडच्या हातावर (आर्मरेस्टवर), बिजागरीजवळ खालच्या अंगाला बऱ्याच सीटांना एक छोटं बटण किंवा खटका असतो, तो दाबला की हात वर होतो, आईंना आडवं वळून उतरता येतं. क्रूला विचारा, ते दाखवतील. पहिल्या रांगेत समोर भिंत असते, तिथे ट्रे हातातच बसवलेला असल्याने हात वर होत नाही आणि सीट जराशी अरुंद पडते, तरी उठायला ती बरी. इमर्जन्सी दरवाजाजवळची रांग ऐसपैस असते पण आईंना ती देणार नाहीत, तिथे दार उघडू शकेल असाच माणूस लागतो.

७. सीट मागे जातच नाही, खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. शेवटच्या रांगेमागे भिंत असते. पंखावरच्या इमर्जन्सी दाराच्या पुढची रांग मुद्दाम लॉक केलेली असते, कारण ती मागे गेली तर पळायची वाट अडते. आणि बऱ्याच नवीन पातळ सीटा कारखान्यातूनच किंचित कललेल्या येतात, त्यांना बटणच नसतं.

८. खिडकीची सीट घेतली आणि शेजारी खिडकीच नाही, हे कसं?

खिडक्या विमानाच्या फासळ्यांच्या मधे असतात आणि ए३२० मधे या फासळ्या २१ इंचांवर आहेत. सीटा मात्र कंपनी २८-३० इंचांवर लावते. दोन्हीचा मेळ सगळ्या रांगांत बसूच शकत नाही.

९. फोम इतका दबलाय, दादरचा कोणीही गादीवाला दोनशे रुपयात भरून देईल. कंपनी का नाही करत?

कारण विमानातला फोम नुसता मऊ असून चालत नाही. सीटला आग लागली तर ती पसरू नये म्हणून फोमवर आग रोखणारं आवरण लागतं, अमेरिकेत १९८४ ला हा नियम झाला आणि नंतर सगळीकडे तसंच झालं. केबिनमधे आग आणि त्यातून निघणारा विषारी धूर यानेच माणसं मरतात, धडक वाचूनही मरतात, म्हणून हे इतकं कडक. शिवाय आताच्या सीटा १६ जी म्हणजे वजनाच्या सोळापट झटक्याची डायनॅमिक टेस्ट देऊन पास झालेल्या असतात, त्यात फोमची जाडी आणि घट्टपणा धरलेला असतो. फोम बदलला तर सीटची मंजुरीच बदलते. म्हणून मंजूर झालेलाच कुशन मागवावा लागतो, तो महाग असतो आणि मग कंपन्या चालढकल करतात. चालढकल चूकच आहे. तीन इंचाचा फोम दीड इंच झाला की तो बदललाच पाहिजे.

१०. टेकऑफच्या आधी खालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो. जुनं झालंय म्हणून?

नाही हो, ए३२० ची ती ओळख आहे. विमानात हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, वेगवेगळ्या सिस्टिम असतात, एकीत दाब कमी पडला की दुसरीकडून जोर पोचवणारं एक युनिट मधे बसवलंय, पीटीयू. एकच इंजिन चालू असताना ते चालू-बंद होतं आणि ‘वूफ वूफ’ असा करवतीसारखा आवाज येतो. कोऱ्या विमानातही येतो.

असेच आणखी दोन फोटो नेहमी येतात. एक, वरच्या फटीतून पांढरा धूर. जून ते सप्टेंबर मुंबईत हवा इतकी दमट असते की एसीची थंड हवा लागली की तिचं धुकं होतं, वास नसेल तर काळजी नको. दुसरा, छतातून पाणी टपकतंय. वर पत्रा गोठणाऱ्या थंडीत असतो, माणसांच्या श्वासाची वाफ पॅनलमागे जाऊन त्यावर जमते आणि खाली उतरताना वितळते. यात मात्र विमान जुनं असेल, आतली इन्सुलेशनची गादी ओली होऊन खाली बसली असेल तर त्रास वाढतो, आणि ओली गादी म्हणजे गंजाला आमंत्रण (प्रश्न २). म्हणून टपकणारं पाणी दिसलं तर क्रूला सांगाच, ते लॉगमधे लिहितील.

११. टॉयलेटमधे ॲशट्रे आहे, म्हणजे सिगारेट चालायची त्या काळातलं विमान?

सीटच्या हातात ॲशट्रे असेल तर हो. टॉयलेटमधला आजही नियमाने लागतो, कोऱ्या विमानातसुद्धा. बंदी असूनही कोणी पेटवलीच तर ती विझवायला सुरक्षित जागा हवी, नाहीतर माणूस ती कागदाच्या डब्यात टाकतो. ११ जुलै १९७३ ला पॅरिसजवळ ब्राझीलच्या व्हारिग कंपनीचं बोइंग ७०७ मागच्या टॉयलेटमधून सुरू झालेल्या आगीने गेलं, १२३ माणसं मेली.

१२. खरं सांगा, जुनी विमानं जास्त पडतात का?

वयामुळे झालेला, सगळ्या जगाला शिकवून गेलेला अपघात म्हणजे अलोहा एअरलाइन्सचा, हवाई बेटांवरचा. २८ एप्रिल १९८८. ७३७-२००, वय १९ वर्षं, सायकल ८९,६८०. बेटाबेटांमधे वीस-पंचवीस मिनिटांच्या उड्या, चारी बाजूंनी खारी हवा. २४ हजार फुटांवर पुढच्या केबिनचं छतच उडून गेलं, एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली, बाकीच्यांना घेऊन पायलटने विमान उतरवलं. पत्र्यांचे जोड चिकटवलेले होते, ते सुटले, आत गंज शिरला, रिव्हेटच्या शेजारी शेजारी बारीक चिरा पडल्या आणि एका क्षणी सगळ्या एकमेकींना मिळाल्या. चौकशीत एक गोष्ट आली ती मी नव्या पोरांना कायम सांगायचो, चढताना एका प्रवासी बाईने दाराजवळ पत्र्याला चीर पाहिली होती आणि ती कोणाला बोलली नाही. तुम्हाला काही दिसलं तर बोला, कोणी हसलं तर हसू दे.

त्यानंतर जुन्या विमानांसाठी वेगळ्या तपासण्या आल्या, आणि पुढे अमेरिकेने अशी सक्ती केली की प्रत्येक मॉडेलला सायकल-तासांची एक शेवटची रेघ हवी, तिच्यापलीकडे उडायचं नाही.

आता आपल्याकडचे दोन अपघात शेजारी ठेवून बघा. १४ फेब्रुवारी १९९०, बंगळूर, इंडियन एअरलाइन्सचं ए३२०, कंपनीकडे येऊन दोन महिनेही झाले नव्हते, ९२ माणसं गेली. १७ जुलै २०००, पाटणा, अलायन्स एअरचं ७३७-२००, वीस वर्षांचं, खालच्या घरांतली धरून ६० माणसं गेली. पाटण्यानंतर सगळीकडे ‘म्हातारं विमान’ हीच ओरड झाली, पण दोन्ही चौकशांत बोट विमान हाताळण्यातल्या चुकीकडे गेलं, पत्र्याकडे नाही. दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडत नाही, पण बातमीत वय वाचून लगेच कारण ठरवू नका.

१३. भारतात विमानाला वयाची मर्यादा आहे का? टॅक्सीला असते तशी?

गोंधळ होतो तो इथे. बाहेरून जुनं विमान प्रवासी सेवेसाठी आणायचं असेल तर डीजीसीएची (आपल्याकडे विमानांचे नियम बघणारं सरकारी खातं) वयाची आणि सायकलची अट लागते. पण आधीच इथे रजिस्टर असलेल्या विमानाला अमुक वर्षं झाली म्हणून बंद करा असं नाही, ठरलेल्या तपासण्या पास होत राहिल्या आणि प्रश्न १ मधली मर्यादा ओलांडली नाही तर ते उडू शकतं.

१४. लहानपणी आठ चाकांचं ए३२० पाहिल्याचं आठवतं, सगळे म्हणतात असं नसतंच. मी चुकतोय का?

नाही, तुमची आठवण पक्की आहे. इंडियन एअरलाइन्सने १९८९ पासून आणलेल्या ए३२० ना प्रत्येक बाजूला दोनऐवजी चार चाकं होती, जगात फक्त आपल्याकडे. तेव्हा आपल्या कित्येक धावपट्ट्या कमी जाडीच्या होत्या, वजन जास्त चाकांवर वाटलं तर जमिनीवर भार कमी पडतो. पुढे धावपट्ट्या मजबूत झाल्या आणि त्या जास्तीच्या चाकांचं नुसतं ओझं उरलं. टायर बदलायला दुप्पट काम, ब्रेक दुप्पट, पण उतरताना इतकं मऊ बसायचं ते विमान की अजून आठवतं. ती निघून गेली तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं.

१५. मग विमान रिटायर करायचं हे ठरवतं कोण?

बहुतेक वेळा पत्रा नाही, हिशोब ठरवतो. मोठा चेक जवळ आला, इंजिनं ओव्हरहॉलला आली, लँडिंग गियर दहा वर्षांचं झालं, हे सगळं एकाच वर्षात पडलं की खर्च विमानाच्या किमतीच्या वर जातो. समोर निओ साधारण १५ ते २० टक्के इंधन वाचवत असतं. बरीच विमानं भाड्याची असतात, भाडं संपलं की मालक ठरवतो. सायकल उरलेल्या असतानाही विमान बाद होतं ते यामुळे.

१६. रिटायर झाल्यावर काय होतं त्याचं?

स्पेनमधे तेरुएल, अमेरिकेत ॲरिझोना आणि मोहावेचं वाळवंट, अशा कोरड्या जागी नेतात, तिथे गंज कमी. आधी इंजिनं उतरतात, सगळ्यात जास्त पैसा त्यांतच. मग लँडिंग गियर, एपीयू (शेपटीतलं छोटं इंजिन), कॉकपिटमधली उपकरणं. शेवटी नळकांडं कापून ॲल्युमिनियम वितळवतात. एअरबसने फ्रान्समधे तार्ब इथे एक ए३०० पद्धतशीर सोडवून दाखवलं होतं की वजनाच्या ८५ टक्के भाग परत वापरता येतो. सीटा मात्र फारशा कामाला येत नाहीत, कापड, फोम, धातू एकत्र चिकटलेलं.

आपल्याकडे नळकांडं सरळ लिलावात जातं आणि ट्रकवर चढतं. डिसेंबर २०२३ मधे मुंबईहून आसामला निघालेलं जुनं ए३२० बिहारमधे मोतिहारीला पुलाखाली अडकलं, ते फोटो तुम्ही पाहिले असतील, ट्रकच्या टायरची हवा काढून सोडवलं. काहींची हॉटेलं झाली, लुधियानाला, वडोदऱ्याला.

१७. अख्खं विमान कोणी विसरू शकतं का? असं वाचलं.

विसरलं होतं. कोलकाता विमानतळावर एक ७३७-२०० २०१२ पासून उभं होतं, आधी इंडियन एअरलाइन्सकडे प्रवासी, मग टपाल वाहणारं. कंपन्या एक झाल्या, कागद इकडचे तिकडे झाले आणि एअर इंडियाच्या यादीतून ते गळलंच, विमानतळाने ‘हलवा’ म्हटल्यावर उलगडा झाला. नोव्हेंबर २०२५ मधे ते रस्त्याने बंगळूरला नेलं, आता त्यावर पोरं इंजिनियरिंग शिकतील. ४३ वर्षांच्या विमानाला याहून चांगली जागा नाही.

नागपूरकरांना तर हे नवीन नाही, तिथल्या सोनेगाव विमानतळावर एक बोइंग ७२० १९९१ मधे उतरलं आणि जवळजवळ चोवीस वर्षं धावपट्टीच्या बाजूलाच पडून होतं, २०१५ मधे कुठे ते बाजूला सरकवलं.

१८. नवीन निओ जमिनीवर आणि जुनी विमानं उडतायत, हे उलटं कसं?

इंजिनामुळे. प्रॅट अँड व्हिटनीच्या निओ इंजिनांतल्या काही भागांच्या धातूत दोष असल्याचं २०२३ मधे जाहीर झालं, तपासणीसाठी इंजिनं उतरवावी लागली आणि बदली इंजिनं मिळेनात. इंडिगोची कितीतरी विमानं उभी राहिली, मग जुन्या ए३२० चं भाडं वाढवून घेतलं, बाहेरून आणखी विमानं भाड्याने आणली. मुंबईच्या गो फर्स्टने मे २०२३ मधे उड्डाणं थांबवताना हीच इंजिनं कारण म्हणून सांगितली. आणि उभं विमान आराम करत नसतं हे लक्षात घ्या, मुंबईच्या पावसाळ्यात तर नाहीच. टायर फिरवावे लागतात, इंजिनाची तोंडं झाकावी लागतात, पक्षी घरटी करतात, सील वाळतात. सायकल शून्य, तरी झीज चालू, प्रश्न १ ला असलेला हा अपवाद.

१९. बाद विमानाचे पार्ट चालू विमानात लावतात ही फसवणूक नाही का?

कागद बरोबर असतील तर नाही. प्रत्येक महत्त्वाच्या पार्टला नंबर असतो, तो कुठल्या विमानात किती सायकल फिरला, कोणी तपासला, सगळं लिहिलेलं. इंजिनाच्या डिस्कसारख्या पार्टना स्वतःची सायकलची मर्यादा असते, विमान बाद झालं तरी डिस्कच्या सायकल उरलेल्या असू शकतात. धोका असतो तो खोट्या कागदांचा. २०२३ मधे उघड झालं की इंग्लंडमधल्या एका कंपनीने सीएफएम५६ (बऱ्याच जुन्या ए३२० आणि ७३७ ना असतात ती) इंजिनांचे पार्ट खोट्या सर्टिफिकेटवर जगभर विकले होते, कित्येक कंपन्यांना इंजिनं उघडून ते शोधावे लागले.

म्हणून आमच्याकडे आयुष्य संपलेला पार्ट तसाच भंगारात जायचा नाही. नंबरची पाटी खरवडून काढायची, मग ग्राइंडरने आरपार कापायचा, ब्लेड असेल तर मुळापासून दोन तुकडे. नवीन पोरांना वाटायचं एवढी चांगली वस्तू का तोडायची. मी त्यांच्याच हातात ग्राइंडर द्यायचो, आणि तुकडे झाल्यावर सही माझी असायची.